पुंजारामची वीत

पुणतांब्याच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या वळणावर भोयांची अकरा घरं होती. त्यांतला पुंजाराम भोई फार बोलत नसे, आणि बोललाच तर भांडल्यासारखा बोले. त्याच्याकडे मासा मागायला गेलेल्या माणसाला आधी दोन शब्द ऐकून घ्यावे लागत, मग मासा मिळे. म्हणून बाजाराला त्याची बायको भागूबाई बसायची. तिची जीभ गोड होती आणि तिला मोजायला आवडायचं. मोजता पुंजारामलाही येत होतं, पण तो मोजत नसे. मासे मोजत नसे, ताटातल्या भाकरी मोजत नसे, स्वतःचं वय तर नाहीच नाही. "आज किती घावले?" असं कुणी विचारलं की "घावले तेवढे" म्हणून जाळं खांद्यावर टाकायचा आणि चालू लागायचा. गावाला हा त्याचा माज वाटे. माज कसला, ती भीती होती.

मोजत नसला तरी त्याच्याकडे माप होतं, आणि ते एकच. त्याची उजव्या हाताची वीत. त्या वळणावरच्या हत्तीडोहात कोळस, म्हणजे कोळशी, हा मासा मुबलक होता. रुपेरी खवल्यांचा, पाठीवर काळपट झाक असलेला, काट्यांना मरणाचा, पण चवीला असा की तव्यावर पडला की वाटेने जाणारे माळकरीसुद्धा दोन पावलं हळू चालायचे. जाळ्यात आलेला कोळस वितीपेक्षा मोठा असला तर तो मासा. वितीत मावला तर ते लेकरू. लेकरू पाण्याबाहेर काढायचं नाही. जाळं सांगडीवर, म्हणजे वाळके भोपळे बांधून केलेल्या तराफ्यावर, ओढून घेण्याआधीच पाण्यात हात घालून ते सोडून द्यायचं. सोडताना तोंड दुसरीकडे फिरवायचं. किती सोडली ते मनातसुद्धा म्हणायचं नाही, कारण लेकरं मोजली की त्यांना दृष्ट लागते. हा रिवाज अकराही घरांत होता, पण इतरांच्या हातून कधीमधी चुकायचा. पुंजारामच्या हातून कधीच चुकला नाही.

त्याला कारण होतं. एकतीस साली खानेसुमारीवाला दारात आला आणि घरात माणसं किती, पोरं किती, असं विचारू लागला. भागूबाईने आतून बांगड्या वाजवून खुणावलं, एकदोन कमी सांगा. पण पुंजाराम तेव्हा ज्वान होता आणि पाच पोरांचा बाप होता. त्याने उजव्या हाताची पाचही बोटं त्या माणसाच्या डोळ्यांपुढे नाचवली आणि वर हसला. त्याच श्रावणात पटकी आली. आठ दिवसांत चार पोरं गेली, एकटा सहादेव राहिला. गावात त्या वर्षी कुणाकुणाकडे पटकीने माणसं नेली, ज्यांनी पोरं सांगितली त्यांच्याकडेही आणि ज्यांनी लपवली त्यांच्याकडेही, हे भागूबाई त्याला पुढे कितीदा तरी समजावत आली. त्याला ते पटलं नाही. आपण हात नाचवला एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

शेहेचाळीस सालच्या दिवाळीनंतर कृपादान मास्तर आले. ते नगरच्या ख्रिस्ती घरातले, मिशनच्या शाळेत शिकून पुढे पुण्याला कॉलेजात गेलेले. शिकवत ते कुणालाच नव्हते, पण चष्मा आणि वही पाहून लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं. सरकारी खात्याने त्यांना काम दिलं होतं ते ऐकून भोईवाडा पोट धरून हसला. नदीतल्या कोळशीत तरणे किती, म्हातारे किती, माद्या किती, आणि मासा वर्षाला किती वाढतो, हे वर्षभर बसून लिहायचं! त्यासाठी त्यांच्याजवळ इंचाच्या खुणा केलेली एक लाकडी फळी होती, लहानसा तराजू होता, भिंग होतं आणि कापडी पुठ्ठ्याची लांबलचक वही होती. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे पाण्यात उतरायची छाती. नगरात पाणी पाहिलेलं ते आडात आणि बादलीत. सांगडीवर बसा म्हटलं की मास्तर घाम पुसायचे. तेव्हा ठरलं असं की मास्तरांनी घाटाच्या पायरीवर फळी मांडून बसायचं आणि बाजारात जाण्याआधी पुंजारामने मासे तिथे आणायचे.

"जाळ्यात येईल ते सगळं आणा हं, पुंजाबा," मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "लहानमोठं काही निवडू नका."

"सगळं आनतो," पुंजाराम म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. त्याच्या लेखी लेकरं जाळ्यात आलेलीच नसायची.

दोघांचं जमलं. का जमलं हे कुणाला कळलं नाही, कारण पुंजारामचं कुणाशीच जमत नसे. मास्तर चिमट्याने माशाचं एक खवलं काढायचे, पुसून भिंगाखाली धरायचे आणि पुंजारामला दाखवायचे. खवल्यावर झाडाच्या खोडात असतात तशी वलयं दिसायची. पावसाळ्यात खायला मिळालं की वलयं लांब लांब पडतात, उन्हाळ्यात डोह आटला की दाटीवाटीने पडतात. असे दाट पट्टे किती ते पाहिलं की माशाने किती उन्हाळे काढले ते समजतं.

पुंजाराम बराच वेळ भिंगातून पाहत राहिला. "म्हंजी ह्याचं वय उपासावर काढायचं," तो म्हणाला. "मग आमचंबी निघंल."

मास्तर हसले. पण त्यांना खरा अचंबा पुढे वाटला. पुंजाराम मासा नुसता हातात तोलायचा आणि म्हणायचा, "ही सून." किंवा "ही सासू झाली." किंवा "ही म्हातारी, हिला सोडायला पायजे हुती." मास्तर खवलं पाहायचे तर सून नेमकी तीन उन्हाळ्यांची निघायची, सासू पाचाची, म्हातारी सातआठाची. महिनाभराने मास्तरांनी वहीत इंग्रजी मथळ्यांखाली बारीक अक्षरात सून, सासू, म्हातारी असं लिहायला सुरुवात केली. लेकरू हा शब्द पुंजारामने त्यांच्यापुढे कधी उच्चारलाच नाही. एकदा मास्तरांनीच विचारलं, "पुंजाबा, यांत लहान मासे कसे दिसत नाहीत?" तेव्हा पुंजारामने मान वळवली, पाटी उचलली आणि पायऱ्या चढून गेला. मास्तरांना वाटलं, म्हातारा काहीतरी लपवतोय.

देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात नदीला मोठं पाणी आलं आणि गेलं. दसरा झाल्यावर एका सकाळी मास्तर पहिल्यांदाच पुंजारामच्या घरी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. भागूबाईने पुढे केलेल्या घोंगडीवर ते बसले आणि वही उघडून नुसते बोट फिरवत राहिले. चुलीपाशी सहादेवची बायको साळू भाकरी थापत होती. तिला सातवा लागला होता.

"वर्षभरात अकराशे बेचाळीस कोळशी मापल्या," मास्तर म्हणाले. "सुना आहेत, सासवा आहेत, म्हाताऱ्या आहेत. नऊ इंचाच्या आतला एकही नाही. एकसुद्धा. पुंजाबा, या डोहात पोरंच जगत नाहीत. आहेत त्या म्हाताऱ्या मेल्या की डोह रिकामा झाला म्हणून समजा."

"मग?" पुंजाराम म्हणाला.

"मग मला लिहावं लागणार. बारीक जाळ्यांनी पोरं मारली जातायत, दुसरं काय? तीन वर्षं डोहात जाळं टाकायला बंदी करा, असं लिहावं लागणार. मला वाईट वाटतंय. पण कागद सोमवारी जायचाय."

पुंजारामच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या लेकरांना त्याने उभ्या जन्मात काट्याएवढी इजा केली नाही, ती त्यानेच मारली असं त्या वहीत लिहिलेलं होतं. अकरा घरांनी तीन वर्षं काय खायचं, ते वहीत कुठे नव्हतं. त्याने तोंड उघडलं, "लेकरं न्हाईत?" एवढं म्हणाला, आणि भागूबाई चुलीपाशी मोठ्याने खोकली. साळूचा हात परातीत थांबला होता. मास्तर वही मिटून निघून गेले.

डोहाच्या काठाला साती आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड होते, तिथे पुंजाराम ते दोन दिवस तासन् तास जाऊन बसला. लेकरं आहेत असं नुसतं सांगून भागणार नव्हतं. मास्तर वहीचा माणूस, त्याला फळीवर मासा लागायचा. म्हणजे लेकरं पाण्याबाहेर काढायची, मापायची आणि लिहायची. आणि तेही घरात सून अवघडलेली असताना.

"काय करू नगा," भागूबाई म्हणाली. "जाईना का डोह. आपुन ऊस तोडाया जाऊ देवळालीकडं. साळूला सातवा लागलाय, अवं. एकदा हात नाचवलासा तेवढा पुरं झाला."

हे वाक्य सोळा वर्षांत ती कधी बोलली नव्हती. सकाळ झाली तसा पुंजाराम चुलीपाशी आला.

"डोह गेला तर तिच्या पोराला काय घालशील? ऊस?" तो म्हणाला. "तुजं जुनं लुगडं दे."

सोमवारी सकाळी तो घाटावर गेला. मास्तर वळकटी बांधत होते. "मास्तर, सांगडीवर बसा," पुंजाराम म्हणाला, आणि असं म्हणाला की मास्तरांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. ते बसले, म्हणजे दोन्ही हातांनी भोपळ्याची दोरी धरून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत बसले. वही सदऱ्याच्या आत होती. सहादेवने सांगड ढकलत ढकलत डोहाच्या वरच्या टोकाला नेली. तिथे उथळ पाण्यात शेवाळ माजलेलं होतं. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा बाप आणि लेक लुगड्याची दोन टोकं धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, आणि लुगड्यात रुपेरी लेकरांची नुसती धांदल चालली होती.

पुंजारामने फळी पाण्याने भिजवली. पहिलं लेकरू त्याने स्वतः उचलून फळीवर ठेवलं. "बगा," तो म्हणाला, "आनि लिवा. पर किती झाली ते तोंडानं म्हनू नगा. एवढं माजं ऐका."

मास्तर माप पाहायचे, वहीत एक रेघ मारायचे, पुंजाराम लेकरू पाण्यात सोडायचा. चार इंच. साडेचार. सात. आठ. एका पावसाळ्याची होती, दोन पावसाळ्यांची होती. मास्तरांच्या तोंडावर हळूहळू असा उजेड पडत गेला की पाण्याची भीतीही ते विसरले. हा डोह म्हातारा नव्हता. याच्यात पाळणे हलत होते. जाळी मोठ्या भोकांची असून त्यांत अडकणारी थोडीथोडकी पोरंही या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडून दिली होती, आणि तीच आपल्या वहीतून निसटली होती. आणखी एक गोष्ट त्यांना एकदम उमगली. वर्षभर त्यांनी मासे चिरून पाहिले होते. सगळ्यांत लहान मादी नऊ इंचांवर जेमतेम गेलेली होती, आणि तीही एकदा अंडी घालून मोकळी झालेली होती. त्यांनी पुंजारामचा हात ओढून फळीवर पसरला. वीत नऊ इंच भरली. एकदा तरी अंडी घातल्याशिवाय कोळशीला हे लोक हात लावत नव्हते.

"पुंजाबा!" मास्तर आनंदाने ओरडले. "एकशे त्रेसष्ट! एका सकाळी एकशे त्रेसष्ट!"

आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला. सहादेवच्या हातून लुगड्याचं टोक सुटलं. पुंजारामने सांगड वळवली आणि मास्तरांना घाटावर उतरवलं. आपण काय केलं हे मास्तरांच्या ध्यानात आलं तेव्हा ते फार ओशाळले, पण निघालेला शब्द परत घेता येत नव्हता.

पुढचे अडीच महिने पुंजारामचा जीव टांगणीला लागला. साळूला साधी उचकी लागली तरी तो दारात येऊन उभा राही. पौषात ती बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली सात शेरांची वाटावी अशी, रडायला लागली की अकराही घरांना ऐकू जाणारी. भागूबाईने नारळ फोडला. पुंजाराम आसरांच्या दगडांपाशी जाऊन एकटाच रडला. मास्तरांचं नगरहून पत्र आलं, ते तलाठ्याने वाचून दाखवलं. बंदी होणार नाही. डोहात पोरं भरपूर आहेत, आणि ती भोयांच्या रिवाजामुळे आहेत, तो रिवाज आहे तसा चालू द्यावा, असं आपण चार पानं भरून लिहिलं आहे. तलाठ्यापुढे पुंजाराम पहिल्यांदाच हसला म्हणतात.

चार पानं! वर बसलेल्या माणसांना चार पानं वाचायला वेळ कुठला? त्यांनी पहिली ओळ वाचली असणार. लहान मासे विपुल, वाढ उत्तम. चैत्र लागला आणि चावडीवर कागद चिकटला, हत्तीडोहाचा ठेका बाहेरच्या एका ठेकेदाराला दिला होता. डोहात मासा एवढा आहे तर तो निघाला पाहिजे, असं कुणालातरी वाटलं होतं. दृष्ट लागली होती ती साळूच्या लेकीला नव्हे.

चैत्रात नदी तुटते. डोह तेवढे उरतात, आणि सगळा मासा त्यांत कोंडला जातो. ठेकेदाराची माणसं आली ती कापडासारखी दाट विणीची जाळी घेऊन. दोन दिवस त्यांनी डोह या काठापासून त्या काठापर्यंत ओढून काढला. सुना, सासवा आणि म्हाताऱ्या बर्फाच्या पेट्यांत भरून पुणतांब्याच्या स्टेशनावर गेल्या. वितीच्या आतलं कुणाला नको होतं. ते वाळूवर ओतून दिलं होतं, वाळवून खत करायला. सहादेव काठी घेऊन धावला, त्याला भोयांनीच धरून आणला. पुंजाराम धावला नाही. तो घरात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मास्तर आलेत असं कळलं तेव्हा तो उठून नदीकडे गेला.

कृपादान मास्तर वाळूत उभे होते. कुणाकडून तरी ऐकून, पहाटेच्या गाडीने ते आले होते. वही काखेत होती. "मी असं लिहिलं नव्हतं, पुंजाबा," ते म्हणाले. "देवाशपथ, मी असं लिहिलं नव्हतं."

"ठावं हाय मला," पुंजाराम म्हणाला. तो ढिगाशेजारी उकिडवा बसला. "त्या दिसाचं पान काढा."

मास्तरांनी पान काढलं. पाण्याचे थेंब पडून जागोजाग फुगलेलं, उभ्या रेघांनी भरलेलं पान. पुंजारामने ढिगातला एक मासा उचलला आणि डाव्या हाताने आपल्या उजव्या वितीत ठेवला. तो वितीत मावला.

"एक," तो मोठ्याने म्हणाला. "खोडा."

मास्तरांना समजेना. "पुंजाबा, हे कशाला आता?"

"एकतीस साली त्या मान्सानं माजी पाच लिवली. चार गेली. ती खोडाया कोन आलं न्हाई. सरकारच्या वहीत अजून ती जित्ती हायेत. खेळत असत्याल." हातातला मासा त्याने पुढे धरला. "हितं तसं नगं, मास्तर. तुमच्या वहीत ही जित्ती हायेत. खोडा."

मास्तर वाळूत बसले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, पुन्हा घातला आणि पेन्सिलने पहिल्या रेघेवर आडवी रेघ ओढली. पुंजारामने तो मासा बाजूला वाळूवर नीट ठेवला आणि दुसरा उचलला. "दोन." मग तिसरा. सोळा वर्षांत ज्या माणसाने भाकरी मोजली नव्हती, तो भर उन्हात सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मोजत होता. काठावर भोयांची बायकापोरं येऊन उभी राहिली. भागूबाई आली, तिच्या कडेवर नात होती. तिने त्याला अडवलं नाही.

ऊन कललं तेव्हा एकशे त्रेसष्टावी रेघ खोडली गेली. पानावर जागा उरली नाही, आणि मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. पुंजारामने पुढचा मासा उचलला, वितीत ठेवला आणि पुढचा आकडा म्हटला. ढीग अजून गुडघ्याएवढा होता.